एक किलोमीटरचं परंतुक: पंचवीस टक्क्यांवर पुन्हा घाव आला तर कुठून कामाला लागायचं

गरीब घरातली, दलित-आदिवासी-भटक्या वस्त्यांमधली, दिव्यांग मुलं चांगल्या शाळेतून कमी करायची असतील तर तसं कायद्यात कुणी लिहीत नाही. नियमाच्या शेपटीला 'परंतु' असं एक वाक्य जोडतात. ते राजपत्रात छापून येतं, आणि प्रवेशाच्या वेळी पालक पोर्टल उघडतो तेव्हा वस्तीजवळची शाळा यादीतच नसते. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा या मुलांसाठी राखल्या आहेत. महाराष्ट्रात ९ फेब्रुवारी २०२४ ला त्या जागांबाबत हेच झालं. पाच महिन्यांनी ते परंतुक उच्च न्यायालयात पडलं. पण पडलं म्हणजे संपलं असं धरून बसू नका. ज्या कारणांनी ते आणलं गेलं ती सगळी कारणं आजही जागेवर आहेत. म्हणून हा लांबलचक मजकूर: ते परंतुक काय होतं, नागपुरात त्याचा अर्थ काय झाला असता, आणि पुढच्या वेळी पहिल्या आठवड्यात कुणी कुठला कागद हातात घ्यायचा.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यातलं कलम १२(१)(ग) सांगतं की खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या, आणि शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथल्या, एकूण जागांपैकी किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना फुकट शिकवायचं. खर्चाची भरपाई सरकार देतं: सरकार स्वतः एका मुलावर जेवढं खर्च करतं तेवढी रक्कम किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातलं जे कमी असेल ते. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये धरला गेला. वंचित घटकात अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास, विशेष मागास, दिव्यांग, एचआयव्हीबाधित, अनाथ ही मुलं येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकाला आहे: वर्षाला १ लाखापर्यंत. हा फरक सेतू केंद्रावर बसलेल्या पोरालाही अनेकदा माहीत नसतो आणि तो अनुसूचित जातीच्या पालकाकडूनही उत्पन्नाचा दाखला मागतो.

या कलमाला शाळाचालकांनी सुरुवातीलाच आव्हान दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ ला ते वैध ठरवलं. २०१४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून पूर्ण बाहेर काढलं. ते दार अजून उघडं आहे, त्याबद्दल पुढे.

नकाशावरची वर्तुळं

२०२४ च्या परंतुकाचा मथितार्थ असा: ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर त्रिज्येत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांच्या प्रवेशासाठी धरायचं नाही. ऐकायला साधं वाटतं. जवळ सरकारी शाळा आहे तर खाजगीचे पैसे सरकारने का भरायचे, असं चहाच्या टपरीवर कुणीही म्हणेल. पण हे अंतर कुठून कुठे मोजायचं ते नीट वाचा. खाजगी शाळेपासून सरकारी शाळेपर्यंत. मुलाचं घर या मोजणीत कुठेच नाही. मुलाच्या घरापासून खाजगी शाळा ९०० मीटरवर आहे आणि त्याच दिशेला आणखी ९०० मीटर पुढे मनपाची शाळा आहे असं समजा. परंतुकाने खाजगी शाळा सुटली, आणि मुलाला १८०० मीटर चालत जाणं आलं. नियमांनी पहिली ते पाचवीसाठी परिसर धरलाय एक किलोमीटर. म्हणजे मुलाला परिसराच्या बाहेर पाठवून परिसराचं कारण सांगायचं.

आता नागपूरचं गणित करू. मनपाची हद्द सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ ३.१४ चौरस किलोमीटरचं. नुसता भागाकार केला तर ७२ वर्तुळांत शहर संपतं. वर्तुळं एकमेकांवर चढतात हे धरलं तरी नीट अंतरावर मांडलेल्या नव्वद-शंभर शाळा अख्खं शहर झाकायला पुरतात. मनपाच्या आणि अनुदानित संस्थांच्या शाळा मिळून नागपुरात याहून कितीतरी जास्त आहेत. त्या समान अंतरावर नाहीत, जुन्या शहरात दाटीवाटीने आणि बेसा-वाठोड्याकडे विरळ आहेत, म्हणून कडेच्या काही शाळा वाचल्या असत्या. पण धरमपेठ, सदर, महाल, इंदोरा, लष्करीबाग, सक्करदरा या पट्ट्यात पंचवीस टक्क्यांची एकही खाजगी जागा उरणं कठीण होतं. आणि त्रिज्या म्हणजे कावळ्याची उडी, सरळ रेषेतलं अंतर. मधे रेल्वे लाइन आहे, नाग नदी आहे, रिंग रोड आहे, हे कंपासला दिसत नाही.

राज्यभराचा निकाल पोर्टलवरच दिसला. २०२४ च्या एप्रिलमध्ये नव्या नियमाने प्रक्रिया सुरू झाली तेव्हा ७६ हजारांवर शाळा आणि पावणेनऊ लाखांवर जागा दाखवल्या गेल्या. आकडा एकदम वाढला, कारण त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांच्याच जागा भरल्या होत्या. ज्या शाळेत कुठल्याही मुलाला आजही थेट जाऊन फुकट नाव घालता येतं, त्या शाळेसाठी ऑनलाइन अर्ज आणि सोडत! पालकांनी पाठ फिरवली, अर्ज लाखाच्याही खाली राहिले. उच्च न्यायालयाने नियमाला स्थगिती दिल्यावर जुन्या पद्धतीने प्रक्रिया पुन्हा झाली तेव्हा शाळा नऊ हजारांवर, जागा लाखावर, आणि अर्ज दोन लाखांच्या पुढे. लोकांना काय हवं होतं त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

सरकारी शाळांचा पट वाढावा म्हणून हे केलं, असं सांगितलं गेलं. त्याआधी पाचच महिने, सप्टेंबर २०२३ मध्ये, याच शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले होते. एका हाताने शाळा गुंडाळायच्या आणि दुसऱ्या हाताने त्याच शाळांकडे बोट दाखवायचं. आमच्या मते खरं कारण थकबाकीचं होतं. भरपाईचे पैसे वर्षानुवर्षं अडकतात, शाळाचालक संघटना नोंदणीवर बहिष्कार घालतात, आणि खात्याला दायित्व कमी करायचं असतं. शाळाचालकांची तक्रार खोटी नाही. फक्त तिचं बिल सहा वर्षांच्या पोरांच्या नावाने फाडलं गेलं.

कोर्टात ते का पडलं

६ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला परंतुक रद्द केलं. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला. मुद्दा सरळ होता. संसदेच्या कायद्यात खाजगी शाळेवरची जबाबदारी बिनशर्त आहे. शेजारी सरकारी शाळा आहे की नाही यावर ती अवलंबून नाही. नियम हे कायद्याची अंमलबजावणी करायला असतात. कायद्याने न दिलेली सूट नियमातून देता येत नाही.

हे आधीपासून ठरलेलं होतं असं मात्र कुणी समजू नये. कर्नाटकात जवळपास असाच नियम आधीच झाला होता आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो टिकवला. तिथल्या जागा त्यानंतर कोसळल्या. मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली, आणि २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानेही पंजाबचा असाच नियम रद्द केला. म्हणजे आज हातात दोन बाजूंचे निकाल आहेत, आणि समोरचा वकील कर्नाटकाचा निकाल घेऊनच उभा राहणार.

वेळेचं नुकसान मात्र भरून आलं नाही. सोडत ७ जूनला झाली, निकाल कोर्टाच्या निर्णयापर्यंत थांबला, यादी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लागली. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात म्हणून आपल्याकडच्या मुलांचे दिवस थोडे कमी बुडाले. पुण्या-मुंबईकडे महिना-सव्वा महिना वर्ग पुढे गेला होता. दरम्यान काही शाळांनी त्या जागा फी घेऊन भरून टाकल्या होत्या. कोर्टाने ते प्रवेश मोडले नाहीत, पण पंचवीस टक्क्यांचं बंधनही उतरवलं नाही. यातून एकच धडा घ्यायचा: सोडतीनंतर मिळालेली स्थगिती अर्धीच कामाची. अधिसूचना निघाल्यापासून पोर्टल सुरू होईपर्यंतचे आठवडे हीच खरी मुदत.

आधी कागद कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

परिपत्रक, शासन निर्णय, नियम, अधिनियम. चौघांना विरोध करायच्या जागा वेगळ्या आहेत, आणि पहिली चूक इथेच होते. सगळे जण 'जीआर रद्द करा' असं निवेदन लिहितात, जीआर नसला तरी.

शासन निर्णय मंत्रिमंडळ किंवा खातं स्वतः मागे घेऊ शकतं, त्यामुळे तिथे राजकीय दबाव लवकर चालतो. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे शासन निर्णय २९ जूनला रद्द झाले, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी. नियम राजपत्रातल्या अधिसूचनेने होतो; तो हटवायला दुसरी अधिसूचना लागते किंवा कोर्ट. अधिनियम बदलायचा तर सभागृह लागतं. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. म्हणून महाराष्ट्र विधिमंडळही केंद्राच्या कायद्याशी विसंगत दुरुस्ती करू शकतं, पण तिला अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. २०२४ मध्ये नियमाचा आखूड रस्ता बंद झालाय. पुढचा प्रयत्न विधेयकाच्या रूपाने आला तर 'नियम कायद्याच्या बाहेर गेला' हा युक्तिवाद उपयोगी पडणार नाही. तेव्हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ (समानता) आणि २१-क (शिक्षणाचा हक्क) वर लढावं लागेल, आणि ती लढाई जास्त अवघड आहे.

आणखी एक बारकावा. या कायद्याच्या कलम ३८ मध्ये सरकारला नियम करण्याचा अधिकार आहे, पण मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची सक्ती त्यात लिहिलेली नाही. त्यामुळे 'हरकती-सूचनांची मुदत येईल तेव्हा पाहू' असं म्हणत बसलात तर मुदत येणारच नाही. कलम ३८(४) प्रमाणे राज्याचा नियम विधिमंडळासमोर ठेवावाच लागतो, ही आपली एक खिडकी. दुसरी खिडकी माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ग): लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणं हे सरकारवर बंधन आहे. निवेदनात हे कलम नाव घेऊन लिहा. नंतर याचिकेत ते कामी येतं.

राजपत्र कुणीतरी एकाने रोज बघायचं. महाराष्ट्र शासन राजपत्र ऑनलाइन असतं, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग असा शोध टाकला की दहा मिनिटांचं काम आहे. नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने विशेष लक्ष, कारण प्रवेशप्रक्रियेआधीचे बदल याच काळात येतात.

माहिती मागवताना

अर्ज शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, नागपूर यांच्याकडे; धोरणाची फाइल हवी तर मंत्रालयातल्या विभागाकडे वेगळा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. तीन विषय एकत्र कोंबले की अर्ज परत येतो आणि महिना जातो. उत्तर ३० दिवसांत. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. दोन्हींना २०-२० रुपयांचा स्टॅम्प. पण दुसऱ्या अपिलाच्या भरवशावर मोहीम आखू नका, तिथे तारखा फार लांब जातात.

'हा निर्णय का घेतला' असं विचारू नका. माहिती अधिकारात कारण मिळत नाही, कागद मिळतो. असं मागा: गेल्या तीन वर्षांत पंचवीस टक्के प्रवेशासाठी नोंदणी झालेल्या शाळांची केंद्रनिहाय यादी, प्रत्येकीची प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, रिक्त जागा. दुसऱ्या अर्जात: यंदा वगळलेल्या शाळांची यादी आणि प्रत्येकीच्या एक किलोमीटरच्या आत दाखवलेल्या सरकारी किंवा अनुदानित शाळेचं नाव आणि अंतर. तिसऱ्यात: अधिसूचनेच्या फाइलवरच्या टिप्पण्यांच्या प्रती, वित्त विभागाच्या अभिप्रायासह. या तिसऱ्या अर्जातून खरं कारण हाती येण्याची शक्यता असते.

यादी आली की ती जमिनीवर तपासा. जवळची म्हणून दाखवलेली सरकारी शाळा सुरू आहे का? पहिलीचा वर्ग आहे का, की फक्त पाचवीपासून? शिक्षक किती? माध्यम कुठलं? उर्दू माध्यमाची शाळा मराठी मुलाची 'जवळची शाळा' म्हणून दाखवली गेली असेल तर तो एकटा तपशील दहा पानांच्या भाषणापेक्षा जड. दिव्यांग मुलासाठी रॅम्प आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का तेही पाहा. चाकाची खुर्ची चढू शकत नाही ती शाळा त्या मुलासाठी शंभर मीटरवर असूनही जवळ नाही. प्रत्येक शाळेचा एक फोटो, तारीख आणि चालत मोजलेलं अंतर. एका वस्तीत दोन रविवारांत हे होतं. अख्ख्या शहराचं करायला जाऊ नका. दोन वस्त्या, पंधरा-वीस शाळा, पक्क्या नोंदी. कोर्टाला नमुना पुरतो, गोळाबेरीज नको असते.

निवेदन, ठराव, अधिवेशन

निवेदन एका पानाचं. वरती अधिसूचनेची तारीख आणि क्रमांक, मग कुठलं वाक्य वगळायचं ते जसंच्या तसं, मग वस्तीतली तीन उदाहरणं, शेवटी मागणी. जिल्हाधिकारी, शिक्षण उपसंचालक, शिक्षणाधिकारी, विभागाचे प्रधान सचिव. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का आणि तारीख घ्या. मोबाइलवर काढलेला मंत्र्यासोबतचा फोटो पोच नसतो! जनहित याचिकेत 'आधी सरकारकडे दाद मागितली होती का' हा प्रश्न येतोच, तेव्हा तो शिक्काच दाखवायचा असतो.

मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि वंचित-दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा. या समितीचा ठराव खूप कामाचा असतो, आणि तोच सगळ्यात कमी वापरला जातो. सरकारी शाळा भरण्यासाठी परंतुक आणलं असं खातं म्हणत असेल, आणि सरकारी शाळेचीच समिती 'आम्हाला शिक्षक द्या, दुसऱ्यांचा हक्क काढून आमचा पट भरू नका' असं लेखी देत असेल, तर खात्याचा युक्तिवाद तिथेच लटपटतो. हिंगणा, कामठी, कळमेश्वरकडच्या गावांत ग्रामसभेचा ठरावही घेता येतो. ठरावावर तारीख, उपस्थिती आणि सूचक-अनुमोदकाचं नाव नसेल तर तो रद्दी.

मनपा शाळांच्या शिक्षकांना विरोधी पक्ष समजू नका. त्यांना वाटतं की पंचवीस टक्क्यांमुळे आपली मुलं खाजगीकडे जातात, आणि काही प्रमाणात ते खरंही आहे. त्यांच्या रिक्त पदांची मागणी तुमच्या निवेदनात घ्या. असे दोन गट आपसात लावून देणं सरकारला फुकट जमतं.

नागपूरकरांना एक सोय आहे जी पुण्याला नाही: हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर करारामुळे ते इथे होतं, आणि डिसेंबरात अख्खं मंत्रालय सिव्हिल लाइन्समध्ये येऊन बसतं. मोर्च्याला पोलीस आयुक्तालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. मोर्चे साधारण यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि विधान भवनापर्यंत पोचत नाहीत. मॉरिस कॉलेज टी-पॉइंट किंवा टेकडी रोडवर अडवले जातात आणि तिथून पाच-सहा जणांचं शिष्टमंडळ आत जातं. शिष्टमंडळात एक पालक, एक शिक्षक, एक आकडे पाठ असलेला माणूस ठेवा. नेते पुरेसे असतातच.

पण मोर्च्यापेक्षा सभागृहातलं काम स्वस्त पडतं. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते, म्हणून आमदाराकडे ऑक्टोबरात जा, डिसेंबरात नाही. प्रश्न तुम्ही लिहून न्या, चार उपप्रश्नांसह. आमदाराच्या स्वीय सहायकाला तयार मजकूर आवडतो. वेळ निघून गेली असेल तर लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा. याशिवाय विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, आणि नियम कायद्याच्या चौकटीत आहेत का हे पाहणारी उपविधान समिती आहे. या दुसऱ्या समितीकडे कुणी फिरकत नाही. नियमाविरुद्धची लढाई असेल तर खरं तर तीच घरची खेळपट्टी.

याचिका

ज्याच्या मुलाचा प्रवेश अडला तो पालक राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकतो. संस्थेला जनहित याचिका, त्यासाठी उच्च न्यायालयाचे २०१० चे स्वतंत्र नियम आहेत. त्यात याचिकाकर्त्याची ओळख आणि आपला खाजगी स्वार्थ नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. नागपूर खंडपीठाखाली विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. आमचं मत: एक पालक आणि एक संस्था अशा दोन याचिका असाव्यात. पालकाच्या याचिकेत नुकसान डोळ्यांसमोर दिसतं, संस्थेच्या याचिकेत आकडेवारी मांडता येते.

वकिलाची फी हा अडसर समजून लोक मागे फिरतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. म्हणून याचिका आईच्या नावाने करा. उच्च न्यायालयासाठी खंडपीठातच विधी सेवा उपसमिती आहे.

सोबत जोडायचं: राजपत्राची पूर्ण प्रत, मूळ नियम जसे होते तसे, निवेदनांच्या पोचपावत्या, माहिती अधिकारातून आलेली यादी, वस्तीतल्या तपासणीचा तक्ता, १९ जुलै २०२४ चा निकाल. आणि कर्नाटकाचा विरुद्ध निकालही स्वतःहून जोडा, तो का लागू होत नाही हे सांगत. लपवला तर समोरचा काढणारच. मागण्यांमध्ये अंतरिम स्थगिती वेगळी मागा, आणि ती पोर्टलच्या तारखेला बांधा: 'अर्ज स्वीकारण्यास अमुक तारखेपासून सुरुवात होत आहे.' तातडीचं कारण असं मोजून दाखवलं नाही तर प्रकरण उन्हाळी सुटीपलीकडे जातं.

जिंकल्याच्या दिवशीच सर्वोच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल करायला सांगा. ते ९० दिवस चालतं आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळत नाही. शाळाचालकांच्या संघटना दिल्लीला जायला वेळ लावत नाहीत.

नियम न बदलताही जागा कशा गळतात

अधिसूचना नसली की सगळे निवांत असतात, आणि गळती तेव्हाच होते. प्रवेशक्षमता कमी दाखवणं ही सगळ्यात सोपी युक्ती. मागच्या वर्षी पहिलीत ऐंशी मुलं आणि पोर्टलवर क्षमता चाळीस. जागा वीसच्या दहा झाल्या. माहिती अधिकाराने क्षमता आणि पटसंख्या शेजारी ठेवली की हे दिसतं. दुसरं म्हणजे अल्पसंख्याक दर्जा. २०१४ च्या निकालामुळे तो मिळाला की पंचवीस टक्के संपले. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका नोंदवून प्रश्न मोठ्या पीठाकडे न्यावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला आहे. त्याकडे लक्ष असू द्या.

तिसरी गळती आपल्याच बाजूने होते. अर्ज भरताना नकाशावर घराचं ठिकाण सायबर कॅफेवाल्याने अंदाजे टाकलं, पडताळणी समितीने पत्ता जुळत नाही म्हणून प्रवेश काढला. भाडेकरार नोंदणीकृत नाही, किंवा अर्जानंतरच्या तारखेचा आहे. जातीचा दाखला मध्य प्रदेश-छत्तीसगडचा आहे, तो चालत नाही. एकाच मुलाचे दोन अर्ज भरले, दोन्ही बाद. आणि काही मंडळी सरळ खोटे कागद लावतात. नागपुरात २०२४ मध्ये त्यावरून पालकांवर गुन्हे दाखल झाले. अशी प्रत्येक बातमी पुढच्या परंतुकाचं खतपाणी असते, म्हणून वस्तीतल्या मदतकेंद्रावर संशयास्पद दाखला आला तर अर्ज भरून देऊ नका, मग तो ओळखीतला का असेना.

प्रवेश झाल्यावरचं छापलेलं कुणी वाचत नाही. या मुलांना वेगळ्या तुकडीत किंवा वेगळ्या वेळी बसवता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची मुलाखत घेतली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. शिक्षा आणि मानसिक छळाला कलम १७ आहे. तक्रार कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यायची. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि पटला नाही तर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. 'ॲक्टिव्हिटी फी', 'स्मार्ट क्लास' असल्या नावांनी पैसे मागितले तर शाळेशी वाद घालण्याआधी मागणी लेखी मागा. मेसेज आला असेल तर स्क्रीनशॉट काढा, पावती दिली असेल तर जपा. तोंडी मागितलं असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या नावे दोन ओळींचं पत्र द्या की आज अमुक कारणासाठी एवढी रक्कम मागितली गेली, कृपया लेखी कळवावं. पत्र आवकात द्या, आणि घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवून त्याची पावती तक्रारीला टाचा.